बटणापलीकडचा पाठ

विशीतल्या शिक्षकाला तंत्रज्ञान वेगळे शिकवावे लागत नाही, असे शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत आणि शिक्षण खात्याच्या बैठकीतही सर्रास गृहीत धरले जाते. बी.एड.ला बसलेली मुले मोबाइल हाताळतच मोठी झाली आहेत. त्यांना स्मार्ट बोर्ड जोडून द्यावा, दोन-तीन ॲप दाखवावीत, की झाले. अंधेरी-बोरिवलीच्या आणि घाटकोपर-मुलुंडच्या शाळांत हे छात्राध्यापक सरावपाठांना येतात, तेव्हा त्यांच्याकडून पहिली अपेक्षा असते ती बंद पडलेला प्रोजेक्टर चालू करण्याची.

हे मत उथळ आहे आणि त्याचा भुर्दंड वर्गातल्या मुलांना पडतो. यंत्र चालवणे ही शिक्षकाने शिकायची मुख्य गोष्ट नव्हेच. कोणता घटक कोणत्या साधनाने शिकवायचा, एकाच विषयावर सापडलेल्या ढीगभर व्हिडिओंपैकी बहुतेक का नाकारायचे, उरलेला एखादा कुठे थांबवायचा आणि थांबवून मुलांना काय विचारायचे, हा निर्णय त्याने शिकायचा असतो. हा निर्णय विषयाच्या जाणकारीतून आणि वर्गाच्या ओळखीतून येतो, आणि अनुभवी नजरेसमोर पुन्हा पुन्हा पाठ घेतल्यानेच पक्का होतो. म्हणून आयसीटी, म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान, हा बी.एड.मधला वेगळा कप्पा असू नये. अध्यापनपद्धतीच्या प्रत्येक तासात आणि आंतरवासितेच्या प्रत्येक आठवड्यात तो मिसळलेला असला पाहिजे.

समजूत जुनी आहे

अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये ‘डिजिटल नेटिव्ह’ ही संज्ञा रूढ केली, आणि संगणकयुगात जन्मलेली पिढी उपजतच तंत्रकुशल असते हा समज जगभर पसरला. पॉल किर्शनर आणि पेड्रो दे ब्राउकेरे यांनी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन सांगितले की, अशी उपजत तरबेज पिढी असल्याचा पुरावा नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा अभ्यास आला. त्यांनी दहा पीएच.डी. इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस पदवी-विद्यार्थी यांना इंटरनेटवरची माहिती पारखायला दिली. विद्यार्थी आणि इतिहासकार बऱ्याचदा संकेतस्थळाच्या रुबाबदार बोधचिन्हाला आणि नावाला भुलले. तथ्यतपासनीस मात्र ते पान सोडून लगेच बाहेर पडले आणि ही माहिती देणारे कोण आहेत, हे इतरत्र शोधू लागले. आंतरजालावर वावरणे आणि तिथले साहित्य पारखणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसरे शिकवावे लागते.

यंत्र आले की शिकणे सुधारेल ही आशा तर शंभर वर्षांहून जुनी. थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये भाकीत केले होते की, चलच्चित्रपटांमुळे शाळांतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. शिक्षणाचे इतिहासकार लॅरी क्युबन यांनी १९८६ मध्ये चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचा अमेरिकी वर्गांतला प्रवास मांडला, तेव्हा त्यांना प्रत्येक वेळी तोच क्रम दिसला: मोठी आश्वासने, उपकरणांची खरेदी, वर्गात तुरळक वापर आणि शेवटी शिक्षकावर ठपका.

आपल्याकडचा क्रमही फारसा वेगळा नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि मराठीतले शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून घरोघरी दिसू लागले. मुंबई महापालिकेच्या शाळांत २०११ पासून व्हर्च्युअल क्लासरूम आल्या, २०१५ मध्ये आठवीच्या मुलांच्या हाती टॅब आले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी देशपातळीवर ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. २०१७ हेच बालचित्रवाणी बंद होण्याचेही वर्ष. तीन वर्षांनी महासाथीमुळे शाळांना टाळे लागले. तेव्हा राज्याला ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ हा कार्यक्रम घाईने उभा करावा लागला, आणि सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने दिली. तीस-बत्तीस वर्षे मराठीत दृक्‌श्राव्य पाठ घडवण्याचा अनुभव असलेली संस्था नेमकी त्या वेळी नव्हती. उपकरणे बदलत गेली. मराठी मुलांसाठी पाठ कसा रचायचा हे जाणणारी माणसे आणि संस्था मात्र आपण सांभाळल्या नाहीत, आणि या साऱ्या इतिहासातली सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे.

पहिली पायरी: साधन निवडायला विषय यावा लागतो

नववीच्या भूगोलात ज्वालामुखी येतो. छात्राध्यापक शोध घेतो आणि डोळे दिपवणारी दृश्ये समोर येतात: शंकूच्या आकाराचा उंच डोंगर, त्याच्या मुखातून उसळणारा लाव्हा, राखेचे लोट. वर्ग स्तब्ध होऊन पाहतो. पाठ रंगला असे सगळ्यांनाच वाटते.

आता हा वर्ग अंधेरी पश्चिमेला आहे असे समजा. शाळेपासून थोड्याच अंतरावर गिल्बर्ट हिल उभी आहे. काळ्या बेसाल्टचा सुमारे २०० फूट उंचीचा हा सुळका सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखी काळातला. लाव्हा थंड होताना आकसून पडलेल्या उभ्या भेगांमुळे त्याला खांब एकमेकांना चिकटून उभे असावेत असे रूप आले आहे. १९५२ मध्ये तो राष्ट्रीय स्मारक ठरला. मुलांना गावदेवीच्या देवळामुळे ही टेकडी माहीत असते. ज्या दख्खनच्या पठाराशी तिचे नाते आहे ते पठार मात्र शंकूच्या मुखातून घडलेले नाही. लांबच लांब भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत राहिला, थरावर थर साचले आणि महाराष्ट्राची भूमी तयार झाली. शंकूची चित्रफीत पाहून बाहेर पडलेल्या मुलाच्या डोक्यात महाराष्ट्राच्या जन्माची चुकीची आकृती पक्की बसते. चित्रफितीत काहीही खोटे नाही. ती फक्त इथल्या खडकाची नाही.

हे ओळखण्यासाठी कोणतेही ॲप उपयोगी पडत नाही. केंद्रीय आणि भेगीय उद्रेकातला फरक शिक्षकाला ठाऊक हवा, आणि शंकूचे चित्र मुलांच्या मनात आधीच घर करून असते याचीही त्याला जाण हवी. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याच जातीच्या ज्ञानाकडे लक्ष वेधले. नुसता विषय येणे आणि नुसती शिकवण्याची तंत्रे येणे, या दोहोंपलीकडे ‘हा विषय शिकवण्याचे’ असे एक स्वतंत्र ज्ञान असते, हे त्यांचे म्हणणे. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांची मांडणी ‘टीपॅक’ या नावाने आज जगभरच्या शिक्षकशिक्षणात शिकवली जाते. मिश्रा यांचे शिक्षण पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातही झालेले आहे, म्हणजे या विचाराचा एक धागा उपनगरातूनच गेलेला आहे. टीपॅकचा गाभा असा की विषय, पद्धती आणि तंत्रज्ञान ही तीन ज्ञाने सुटी सुटी शिकून शेवटी जुळत नाहीत. ज्या ठिकाणी ती एकमेकांना छेदतात तिथेच शिक्षकाचे कौशल्य जन्माला येते.

बी.एड.च्या परीक्षेत टीपॅकची तीन वर्तुळे काढून गुण मिळतात, आणि त्याच अभ्यासक्रमात आयसीटी वेगळ्या वहीत, वेगळ्या तासाला, वेगळ्या गुणांसाठी शिकवले जाते.

दुसरी पायरी: प्रत्येक साधन वेगळे काही शिकवते

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हा साधा घटक घेऊ. तो तीन प्रकारे दाखवता येतो. कागदाचा त्रिकोण कापून त्याचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर शेजारी शेजारी ठेवले, की सरळ कोन तयार होतो. कोनमापकाने कोन मोजून बेरीज केली, की कुणाची १७९ येते, कुणाची १८२. जिओजिब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढत राहिले, की कोन बदलतात आणि बेरीज मात्र हलत नाही.

तिसरा प्रकार आधुनिक म्हणून तोच चांगला, असे छात्राध्यापकाला वाटणे साहजिक आहे, पण तिन्हींतून मूल निरनिराळ्या गोष्टी शिकते. कागद फाडताना प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचा त्रिकोण असतो. कोनमापकातून मोजमापात चूक असतेच, ही फार मोलाची गोष्ट कळते. जिओजिब्रातून असंख्य त्रिकोण काही क्षणांत डोळ्यांखालून जातात आणि ‘कोणताही त्रिकोण’ या शब्दांना अर्थ येतो. परंतु तिन्हींपैकी एकही सिद्धता नाही, आणि पडद्यावरचे अचूक आकडे पाहून ती झाली असे मुलांना सर्वांत सहज वाटते ते जिओजिब्रामुळेच. हे भान असलेला शिक्षक शिरोबिंदू ओढण्याआधी थांबतो, ‘बेरीज वाढेल की कमी होईल?’ असे विचारून वहीत उत्तर लिहून घेतो, आणि मग ‘कायम १८०च का?’ या प्रश्नावरून समांतर रेषांकडे वळतो. भान नसेल तर तोच पाठ नजरबंदीचा खेळ होतो.

विज्ञानातही हेच. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्याची आभासी प्रयोगसाधने मोफत आहेत आणि त्यांतली अनेक मराठीतही आहेत. विद्युतमंडलाच्या साधनात तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन दिसतात, जे खऱ्या तारेत कधीच दिसणार नाहीत. मात्र खरा बल्ब लावताना तार सैल राहते, टोक नीट खरवडलेले नसते, सेल उतरलेला असतो, आणि मूल ज्या धडपडीतून शिकते ती धडपड पडद्यावर नसते. कोणत्या तासाला इलेक्ट्रॉन दाखवायचे आणि कोणत्या तासाला तार हातात द्यायची, हे ठरवणे म्हणजे पाठाचे नियोजन.

तिसरी पायरी: वस्ती आणि भाषा

मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये स्थापन केले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील शाळांत काम केले, पुढे मुंबईच्या वंचित वस्त्यांतल्या मुलांबरोबरही. विज्ञान समजण्यात पुस्तकाची अवघड भाषा कशी आडवी येते, हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता, आणि सोप्या भाषेत मजकूर लिहून त्यांनी तो तपासून पाहिला. हे सारे इंटरनेटच्या कितीतरी आधीचे आहे, आणि आज त्याची गरज वाढली आहे.

कारण आज छात्राध्यापकाला सापडणारे साहित्य बहुतांश इंग्रजी किंवा हिंदी असते. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते. मराठी शाळांमधल्या सेमी-इंग्रजी वर्गांत गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून चालतात. घाटकोपरच्या डोंगरउतारावरल्या वस्तीतून शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी तिसरीच भाषा असू शकते. अशा वर्गात वेगाने बोलणाऱ्या निवेदकाचा सहा मिनिटांचा व्हिडिओ लावून शिक्षक बाजूला उभा राहिला, तर पहिल्या दोन बाकांवरची मुले तो समजून घेतात आणि बाकीची चित्रे पाहतात. आवाज बंद करून तोच व्हिडिओ स्वतःच्या शब्दांत, मुलांना विचारत विचारत दाखवणे हा साधा उपाय आहे. तो सुचायला मात्र वर्ग कळावा लागतो.

नदीचा पाठ घ्या. बर्फाळ शिखर, खळाळता उगम, नागमोडी मधला टप्पा, त्रिभुज प्रदेश, असे साचेबंद ॲनिमेशन कुठेही मिळते. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि सुमारे १८ किलोमीटरांवर माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ती किती ठिकाणी आवळली गेली आहे, हे शहराला कळले. इस्रोचे ‘भुवन’ किंवा गुगल अर्थ उघडून मुलांनी ही नदी उगमापासून खाडीपर्यंत बोटाने माग काढत पाहिली, तर पाणलोट, पूरमैदान आणि अतिक्रमण हे शब्द त्यांना आपल्या पत्त्यासह कळतात. बोरिवलीच्या मुलांसाठी राष्ट्रीय उद्यानातून निघणारी दहिसर नदी आहेच.

मराठीत काहीच नाही, अशी तक्रार करणेही बरोबर नाही. बालभारतीची सगळी पुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात. मराठी विश्वकोश आंतरजालावर आहे. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांच्या चित्रफिती आणि शेकडो पुस्तके मराठीत खुली करून ठेवली आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे मराठी पाठ आहेत. एनसीईआरटीने २०१३ मध्ये सुरू केलेल्या मुक्त शैक्षणिक संसाधनांच्या भांडारातले साहित्य कापायला, जोडायला, भाषांतरित करायला परवानगी असते. कोणते साहित्य नुसते पाहण्यासाठी आहे आणि कोणते आपल्या वर्गासाठी बदलता येते, हा परवान्यातला फरक छात्राध्यापकाला पहिल्याच सत्रात शिकवला पाहिजे. बदलण्याची मुभा असलेले साहित्य हाती आले, की शिक्षक लेखकही होऊ शकतो.

चौथी पायरी: हे शिकायची जागा वर्ग हीच

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचा केला. त्यात ‘आयसीटीचे चिकित्सक आकलन’ असा एक क्षमताविकासाचा घटक आला आणि शाळेत किमान २० आठवड्यांची आंतरवासिता आली. दोन्ही स्वागतार्ह. व्यवहारात मात्र पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध तुटतो. घटकाची वही पीपीटी, गुगल फॉर्म आणि ब्लॉग यांच्या छापील प्रतींनी भरते. आंतरवासितेत ‘आयसीटीचा पाठ’ म्हणून एक-दोन पाठ उरकले जातात, आणि त्यांचे निरीक्षण करणारा लिहितो: साधनांचा प्रभावी वापर.

प्रभाव कशावर, हे कोण विचारणार?

याचे औषध अध्यापक महाविद्यालयांच्या हातात जुनेच आहे. सूक्ष्म अध्यापन १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये सुरू झाले. भारतीय प्रतिमानात त्याचे चक्र ३६ मिनिटांचे: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ, सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. प्रश्न विचारणे, फलकलेखन, उदाहरण देणे या कौशल्यांसाठी ते वापरले जाते. एक व्हिडिओ तीन ठिकाणी थांबवून तीन प्रश्न विचारणे हेही एक कौशल्य आहे आणि ते याच चक्रात चपखल बसते. पहिल्या फेरीत बहुतेक जण व्हिडिओ सलग लावतील आणि शेवटी ‘कळले का?’ विचारतील. वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणेल. बारा मिनिटांच्या पुनर्नियोजनात खरे शिकणे सुरू होते.

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘क्लिक्स’ प्रकल्प हे याच विचाराचे मोठे उदाहरण. एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांच्या साथीने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाने मुलांसाठी संगणकावरचे पाठ तयार केले, आणि त्या जोडीला शिक्षकांच्या दीर्घ प्रशिक्षणावर भर दिला. २०१७ मध्ये त्याला युनेस्कोचा किंग हमद पुरस्कार मिळाला. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराम ही त्याची चार राज्ये. मुंबईच्या उपनगरात घडलेला हा अनुभव शेजारच्या अध्यापक महाविद्यालयांनी अजूनही मागून घ्यावा.

रणजितसिंह डिसले यांचे नाव या संदर्भात नेहमी निघते आणि नेहमी अर्धेच निघते. डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर ‘क्यूआर कोडवाले गुरुजी’ अशी त्यांची ओळख झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत त्यांच्यासमोर होती ती कन्नड बोलणारी मुले. डिसले यांनी मुलांची भाषा शिकून घेतली आणि पाठ्यपुस्तकातला आशय त्यांच्यापर्यंत पोचवण्याची वाट शोधली. कोड हा त्या वाटेचा एक भाग होता. कोडची नक्कल राज्यभर झाली, भाषा शिकून घेण्याची झाली नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो गंभीर आहे. संगणकाने शिकणे सुधारते असे भारतातलेच काटेकोर अभ्यास सांगतात, मग शिक्षकाच्या निर्णयाचे एवढे स्तोम कशाला? अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यातल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना गणिताचे संगणकीय खेळ दिल्यावर गुण प्रमाण विचलनाच्या ०.४७ इतके वाढले. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी वाढ दिसली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांचा.

हे आकडे खरे आहेत आणि नाकारण्याचे कारण नाही. पण ते पूर्ण वाचले पाहिजेत. वडोदऱ्याची वाढ एका वर्षाने बरीचशी ओसरली. माइंडस्पार्कच्या केंद्रांत मुले शाळेच्या वेळेबाहेर येत, निम्मा वेळ सॉफ्टवेअरवर आणि निम्मा वेळ मार्गदर्शकाबरोबर लहान गटात घालवत. सर्वांत बोलका अभ्यास लिंडन यांचा, अहमदाबादच्या ज्ञानशालेतला. तिथे एकच सॉफ्टवेअर दोन प्रकारे वापरले गेले. नेहमीच्या अध्यापनाला पूरक म्हणून दिले तेव्हा गुण ०.२८ ने वाढले. अध्यापनाचा वेळ काढून त्याच्या जागी दिले तेव्हा ०.५७ ने घसरले. यंत्र तेच होते. ते पाठाच्या कोणत्या जागी बसवायचे हा निर्णय बदलला आणि फळ उलटले. मुंबईच्या प्रयोगात तर संगणक नव्हताच. तिथे महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून शिकवणाऱ्या, वस्तीतल्याच बालसख्या होत्या, आणि त्यांचाही चांगला परिणाम दिसला.

दुसरा आक्षेप: आधी साधने तर द्या. वीज जाते, नेट चालत नाही, पन्नास मुलांमागे एक पडदा, आणि तुम्ही निर्णयाच्या गोष्टी करता. साधने द्यायलाच हवीत, यात दुमत नाही. गरिबीचे गोडवे गाऊन मुलांना वंचित ठेवणे पाप आहे. पण साधन आल्यावर निर्णयक्षमता आपोआप उगवत नाही, आणि निर्णयक्षमता असली तर अपुऱ्या साधनातही पाठ उभा राहतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण सुरू केले तेव्हा माँटेसरीची मूळ साधने महाग होती आणि वारली मुलांना परकी होती. ताराबाईंना प्रत्येक साधनामागचा हेतू ठाऊक होता. म्हणून त्यांना खडे, पाने, बिया आणि बांबू यांतून तेच हेतू साधणारी साधने करता आली. साधनाचा हेतू ज्याला कळला तोच ते बदलू शकतो. आजच्या छात्राध्यापकाला टॅबच्या बाबतीत हीच सवय लावायची आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा. छात्राध्यापक आधीच टाचणे, घटक चाचण्या, प्रकल्प आणि वह्यांखाली दबलेला आहे. म्हणूनच भर घालू नये, वजाबाकी करावी. आयसीटीची वेगळी वही बंद करावी. तिचे गुण दोन्ही अध्यापन विषयांच्या पाठांना द्यावेत.

चौथा आक्षेप सर्वांत ताजा आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि आता टाचण मराठीतही मिनिटभरात तयार मिळते. मग साहित्य निवडण्याचे कष्ट कशाला? टाचण लिहिणे हे छात्राध्यापकाचे अंतिम काम असते तर हा प्रश्न रास्त ठरला असता. टाचण लिहिताना मुले कुठे अडतील याचा विचार होतो, त्यासाठी ते लिहायचे असते. ही यंत्रे खरे आणि चुकीचे वाक्य सारख्याच ठामपणे लिहितात, त्यामुळे विषय कच्चा असलेल्याला ती अधिक फसवतात. त्यांच्यावर बंदी घालून भागणार नाही. यंत्राने दिलेले टाचण पद्धतीच्या तासाला समोर ठेवावे आणि प्रत्येकाने ते आपल्या आंतरवासितेच्या वर्गासाठी दुरुस्त करावे. कोणती ओळ का खोडली, याला गुण द्यावेत.

मुलांची माहिती

एक गोष्ट थोडक्यात, पण ठामपणे. छात्राध्यापक उत्साहाने मुलांना नवीन ॲपवर खाती उघडायला लावतो, त्यांची नावे, फोटो, पालकांचे क्रमांक भरायला सांगतो. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ मध्ये महासाथीच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी वापरलेली शैक्षणिक उत्पादने तपासली, तेव्हा बहुसंख्य उत्पादनांत मुलांच्या खासगीपणाला धोका आढळला, आणि त्या अहवालात ‘दीक्षा’वरही बोट ठेवलेले आहे. भारताचा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हे मूळ तत्त्व आहे. खाते न उघडता चालणारे साधन मिळत असेल तर तेच घ्यावे, इतका नियम छात्राध्यापकाला पहिल्या आठवड्यात सांगता येतो. फेट आणि जिओजिब्रा दोन्ही तसे चालतात.

आता काय

२०२५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी पुन्हा एक वर्षाचा बी.एड. आणण्याचा प्रस्ताव मांडला. वर्ष कमी झाले तर सर्वांत आधी कात्री लागण्याची भीती शाळेतल्या आठवड्यांना आहे. ॲप शिकवणारी कार्यशाळा दोन दिवसांत आटोपते, म्हणून ती टिकेल. वर्गातला सराव वेळ खातो, म्हणून तो आकुंचेल. या बदलाची चर्चा विद्यापीठांत चालेल तेव्हा मुंबईच्या अध्यापक महाविद्यालयांनी आंतरवासितेच्या आठवड्यांवर अडून बसायला हवे.

कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात ‘साधनांचा वापर’ असा जो रकाना असतो, त्याच्या जागी तीन प्रश्न छापावेत. हेच साधन का निवडले आणि कोणते नाकारले? ते कुठे थांबवले आणि तिथे मुलांना काय विचारले? साधन नसते तर या तासाला मुलांचे काय राहून गेले असते? पहिल्याचे उत्तर छात्राध्यापकाने पाठाआधी लिहावे, दुसऱ्याचे निरीक्षकाने पाठ चालू असताना, तिसऱ्याचे दोघांनी मिळून पाठ संपल्यावर. त्यासाठी निरीक्षकाला पूर्ण तास वर्गात बसावे लागेल. सकाळच्या सत्रात मुलुंडच्या दोन आणि दुपारी घाटकोपरच्या तीन पाठांना धावती भेट देणाऱ्या प्राध्यापकाकडून ते होणार नाही. म्हणून एका मार्गदर्शकाकडे किती छात्राध्यापक द्यायचे आणि शाळेतल्या अनुभवी विषयशिक्षकाला या कामासाठी आठवड्यातले किती तास मोकळे करून द्यायचे, हे महाविद्यालयाने आणि शाळेने आंतरवासिता सुरू होण्याआधी एकत्र बसून ठरवायला हवे.